हिरव्या शाईचं ग्रंथालय

दातांच्या डॉक्टरांनी गणितात लुडबुड करू नये, असं कुठल्याच कायद्यात लिहिलेलं नाही, आणि ऑडिटरांच्या मते ही कायदे करणाऱ्यांची मोठीच हयगय होती. डॉक्टरांनी दात बघावेत. किडला असेल तर काढावा, हलत असेल तर हलवून बघावा, आणि संध्याकाळी दिवे मालवून गुपचूप घरी जावं. पण इमारतीच्या पहिल्या मजल्यावर दवाखाना थाटलेल्या या गृहस्थांचं तेवढ्यानं भागत नव्हतं. पेशंट बसतात त्या बाहेरच्या खोलीतली, पानं सुटलेली जुनी मासिकं त्यांनी एक दिवस रद्दीत घातली आणि तिथे एक कपाट आणून उभं केलं. कपाटात काय, तर गणिताची पुस्तकं.

बरं, अभ्यासाचीही नव्हेत, गमतीची. सगळ्यांत खाली रांगत्या पोरांसाठी जाड पुठ्ठ्याची पुस्तकं. त्यांत टोप्या घातलेली अस्वलं, आपल्याला कुणीतरी मोजावं म्हणून ओळीनं उभी. त्याच्या वरच्या फळीवर कोडी, कागदाच्या घड्या, आरशात धरून बघायचे आकार. आणखी वर, माणसाला शून्य कसं सुचलं असेल वगैरे मोठ्यांसाठीच्या निवांत गप्पा. परिणाम असा झाला, की ज्यांची दाढ दुखत नव्हती तेही दवाखान्यात जाऊन बसायला लागले. तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांना तर दुखायला एकही दात शिल्लक नव्हता. तेही रोज जात.

आता मला सांगा, या इमारतीत गणित म्हटलं की आजवर कुणाचं नाव निघायचं? दुसऱ्या मजल्यावरच्या ऑडिटरांचं. पाण्याच्या बिलात गोंधळ आहे हे कुणी पकडलं? ऑडिटरांनी. जिन्याच्या पायऱ्यांची उंची सारखी नाही हे कुणी सिद्ध केलं? ऑडिटरांनी, आणि तेही कुणी विचारलं नसताना. ऑफिसात त्यांच्या हिरव्या शाईच्या पेनाला सगळे टरकून असत, असं ते स्वतःच घरी सांगत. आणि आता जिन्यात भेटेल तो म्हणायचा, डॉक्टरांना गणिताची काय आवड आहे हो.

तरी हे सगळं ऑडिटरांनी गिळलं असतं. पण बारकी तिथे जायला लागली, आणि मग गिळणं जमेना.

बारकी ही त्यांची एकुलती एक लेक, चौथीतली. तिचा दुधाचा दात हलायला लागला म्हणून आई तिला खाली घेऊन गेली. दात पडला, पण जाणं थांबलं नाही. त्याआधी दर रविवारी सकाळी बारकी बाबांच्या टेबलाशी बसायची. बाबा तिला बेरजांची उतरंड घालून द्यायचे, ती सोडवायची, बाबा हिरव्या शाईनं टिक करायचे. फारसं कुणी बोलायचं नाही. पण आठवडाभर लोकांच्या चुका शोधणाऱ्या माणसाला तेवढा एक तास आपला वाटायचा. आता रविवारी दवाखाना बंद असला तरी डॉक्टर कपाटासाठी दार उघडं ठेवत, आणि जिन्यातून बारकीचं हसणं वर ऐकू येई. बेरजा करताना ती कधीच हसली नव्हती, हे ऑडिटरांना तेव्हा पहिल्यांदा कळलं.

जेवताना "डॉक्टरकाका म्हणतात" या शब्दांनी सुरुवात झाली, की ऑडिटरांचा घास तोंडात फिरायचा. बायको म्हणाली, अहो, तुम्हीही एकदा जाऊन बघा की, छान पुस्तकं आहेत. ऑडिटर म्हणाले, मला बघायची गरज नाही. ते जळत होते. याला सभ्य शब्द शोधण्यात अर्थ नाही. माणूस जळत होता, आणि वर आपण तत्त्वासाठी अस्वस्थ आहोत अशी स्वतःची समजूत घालत होता.

त्या जळण्यातूनच ग्रंथालयाचा जन्म झाला. तळमजल्यावर इमारतीचं सभागृह होतं, वर्षातून एकदा भांडायला जमायचं ठिकाण. तिथे सर्व वयांच्या माणसांसाठी गणिताच्या पुस्तकांचं रीतसर ग्रंथालय काढायचं, असं ऑडिटरांनी जाहीर केलं. "रीतसर" हा शब्द त्यांनी पहिल्या मजल्याकडे बघून उच्चारला.

पहिला खोडा सेक्रेटरींनी घातला. इमारतीचे सेक्रेटरी म्हणजे नियमावली उशाशी घेऊन झोपणारा माणूस. सभेत लोकांना गप्प करायला त्यांच्याकडे एक पितळी घंटा होती आणि ती ते एकटे असतानाही जवळ ठेवत. त्यांचं म्हणणं, कपाट ठेवायला हरकत नाही, पण कुठल्या नियमाखाली? नियमावलीत फर्निचर होतं, खेळाचं साहित्य होतं, "इतर उपद्रव" होता, पुस्तकं नव्हती. बरीच चर्चा होऊन ग्रंथालय खेळाच्या साहित्यात बसवलं गेलं, आणि गणिताला कॅरमच्या रांगेत बसवल्याचा ऑडिटरांना मनस्ताप झाला. शिवाय सभागृहाची फरशी नुकतीच घासून घेतली होती. मोठमोठ्या फरश्या, एक काळी, एक पांढरी, बुद्धिबळाच्या पटासारख्या. तिच्यावर कपाट सरकवायचं नाही, उचलायचं, अशी अट पडली. कपाट उचलताना ऑडिटरांच्या कमरेत उसण भरली. डॉक्टर वरून धावत येऊन म्हणाले, मी धरतो एक बाजू. ऑडिटर म्हणाले, गरज नाही, आणि दोन दिवस वाकून चालले.

पुस्तकांच्या दुकानात वेगळाच अपमान वाट बघत होता. ऑडिटरांनी दुकानदाराला विचारलं, दातांच्या डॉक्टरांनी काय काय नेलं? ते सगळं द्या, आणि त्यांनी नेलं नाही तेही द्या. दुकानदार हसून म्हणाला, डॉक्टर फार चोखंदळ हो, एकेक पुस्तक इथे उभ्यानं वाचतात, मध्येच खुदकन हसतात, मगच घेतात. ऑडिटरांनीही मग एक पुस्तक उघडलं आणि हसायचा प्रयत्न केला. दुकानदारानं काळजीनं विचारलं, पाणी देऊ का?

मग आलं वर्गीकरण. डॉक्टरांच्या कपाटात कोण काय उचलेल याला धरबंध नव्हता, म्हणून ऑडिटरांनी प्रत्येक पुस्तकावर वयोगटाची चिठ्ठी डकवली. आपल्या वयोगटाचंच पुस्तक मिळेल, वयाचा दाखला सोबत आणावा. याची बातमी इमारतीत पसरली आणि सल्ल्यांचा पूर आला. तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांना टोपीवाली अस्वलं हवी होती. ती तीन ते पाच वयोगटात पडत होती. आजोबांनी दुसऱ्या बालपणाचा मुद्दा काढला, पण त्याचा दाखला त्यांच्याकडे नव्हता. शेजारच्या हेडबाई, शाळेतून निवृत्त होऊनही इमारतीतून न झालेल्या, म्हणाल्या की मोठ्यांसाठीच्या पुस्तकांवर वय लिहिणं हा चावटपणा आहे. चाळीसच्या पुढची चिठ्ठी लावलेलं पुस्तक कुठली बाई चारचौघांत हातात धरील? ऑडिटरांना हे पटलं नाही. बायकोनं त्यांच्याकडे नुसतं बघितलं, तेव्हा थोडं पटलं.

पण ऑडिटरांनी जे खरं काम केलं, ते अजून सांगायचंच आहे. जन्मभर ऑडिट केलेला माणूस न तपासलेली वस्तू लोकांच्या हाती कशी देईल? त्यांनी हक्काची रजा काढली आणि सगळी पुस्तकं तपासली. म्हणजे प्रत्येक कोडं स्वतः सोडवलं, त्याखाली हिरव्या शाईत स्वच्छ अक्षरात उत्तर लिहिलं, शेजारी टिक, टिकेखाली छोटी सही. लपलेले त्रिकोण हिरव्यानं गिरवले. भुलभुलैयातून ससा बाहेर काढून दिला. अस्वलंसुद्धा मोजली आणि प्रत्येकाच्या टोपीवर क्रमांक घातला. बायको एकदा म्हणाली, अहो, पुस्तकातच कशाला लिहिताय? ऑडिटर म्हणाले, डॉक्टरांच्या एका तरी पुस्तकावर तपासल्याची खूण आहे का? नव्हती. बायको आत निघून गेली.

एकच कोडं अडलं, आणि तेही कुठे, तर नऊ ते अकरा वयोगटात. बारकीच्या. कोडं साधं दिसत होतं. तीन ओळी, प्रत्येक ओळीत तीन चौकोनी फरश्या, आणि प्रत्येक फरशीवर एकेक मांजर. घंटा वाजली की प्रत्येक मांजरानं लगतच्या फरशीवर उडी मारायची. तिरकी उडी नाही, जागेवर बसून राहणं नाही. उडीनंतरही प्रत्येक फरशीवर एकच मांजर हवं. जमेल का?

ऑडिटरांनी "जमेल का" हे शब्द बाजूला सारले. जमवायचंच असतं, त्यासाठी तर पगार मिळतो. त्यांनी बायकोच्या शिवणाच्या डब्यातली बटणं घेतली, ताटात चौकोन आखले आणि मांजरं उडवायला लागले. दर वेळी कुठेतरी दोन बटणं एकत्र यायची आणि एक चौकोन रिकामा राहायचा. कोपऱ्यापासून सुरुवात केली, मधून केली, गोल फिरवून पाहिलं. हिशेब एकानं चुकत होता, आणि एकानं चुकणारा हिशेब ऑडिटरांनी आयुष्यात मंजूर केलेला नव्हता. शेवटी त्यांनी छपाईची चूक असा निष्कर्ष काढला. पण आत कुठेतरी त्यांना माहीत होतं, की डॉक्टरांना हे आलं असतं. आणि बारकीला ते डॉक्टरांनी सांगितलं असतं. या विचारासरशी त्यांनी ती दोन पानं स्टेपल करून बंद केली आणि वर लिहिलं, "तपासणी चालू."

उद्घाटनाला प्रमुख पाहुणा हवा, असा नियम सेक्रेटरींना ऐन वेळी सापडला. ऑडिटर नको नको म्हणत स्वतःचं नाव सुचवायच्या बेतात होते, तेवढ्यात सेक्रेटरी म्हणाले, काळजी नको, डॉक्टरांना सांगून आलोय, गणितातला माणूस आहे. ऑडिटरांनी कपाटाचा आधार घेतला.

रविवारी सकाळी सभागृह भरलं. डॉक्टर आले, मोजकं आणि मनापासून बोलले. म्हणाले, माझं एक फडताळ होतं, हे खरं ग्रंथालय. इतका चांगला वागणारा माणूस समोर असला की त्याच्यावर नीट जळताही येत नाही, आणि त्याचाही राग येतो. मग डॉक्टरांनी फीत सोडली आणि लोक कपाटाला भिडले. दाखले कुणी आणलेच नव्हते.

थोड्या वेळानं ऑडिटरांच्या लक्षात आलं, की गर्दी असूनही आवाज नाही. लोक पुस्तक उघडत होते, पान उलटत होते, आणखी एक उलटत होते, आणि पुस्तक हलकेच जागेवर ठेवत होते. हेडबाईंनी कोड्यांचं एक जाडजूड पुस्तक चाळलं आणि म्हणाल्या, यात आता आम्ही काय करायचं? आजोबांनी अस्वलं बघितली. "मोजून ठेवलीत होय," एवढंच म्हणाले, आणि त्यांचा चेहरा उतरला. डॉक्टरांनी एक पुस्तक बराच वेळ हातात धरलं. काहीतरी बरं बोलायला हवं म्हणून शेवटी म्हणाले, अक्षर फार सुरेख आहे. हा घाव सगळ्यांत खोल गेला.

ऑडिटर मात्र लोकांकडे बघत नव्हते. ते बारकीकडे बघत होते. ती आपल्या वयोगटाच्या फळीशी बसून एकामागून एक पुस्तकं उघडत होती आणि मिटत होती. मग तिनं दाराकडे बघितलं. दारातून जिना, जिन्यावरून पहिला मजला. आता ही उठणार आणि जाणार, आणि या वेळी तिला अडवायला आपल्यापाशी शब्दही नसणार, हे ऑडिटरांना स्वच्छ दिसलं. आपण सगळ्या इमारतीच्या गमती एकट्यानं संपवून ठेवल्या आहेत हेही दिसलं, पण ते आता निस्तरता येणार नव्हतं.

"बाबा, ही पानं बंद का आहेत?"

सगळे वळून बघायला लागले. छपाईची चूक असं उत्तर ऑडिटरांच्या जिभेवर तयार होतं. समोर डॉक्टर उभे होते. पण बारकीच्या चेहऱ्यावर सकाळपासून पहिल्यांदाच काहीतरी उजळलं होतं, आणि ते विझवायचं त्यांच्या जिवावर आलं.

"ते मला आलं नाही," ऑडिटर म्हणाले.

ऑडिटरांना येत नाही असं काही असतं, ही इमारतीला बातमीच होती. बारकीनं आधी बाबांकडे बघितलं, मग त्या पानांकडे, आणि नखानं स्टेपलची पिन उचकटली. आत हिरव्याचा ठिपकासुद्धा नव्हता. सगळ्या ग्रंथालयात शिल्लक राहिलेलं ते एकमेव कोडं होतं, आणि माणसं त्यावर अशी तुटून पडली की बारकीला खुर्चीवर चढून ते मोठ्यानं वाचावं लागलं.

मांजरं आणायची कुठून, यावर हेडबाईंनी खालच्या फरश्यांकडे बोट दाखवलं. तीन ओळी, तीन फरश्या. मधल्या काळ्या फरशीवर अर्थातच ऑडिटर, कारण मध्यवर्ती जागा त्यांनी कुणाला दिलीच नसती. चार कोपऱ्यांच्या काळ्या फरश्यांवर डॉक्टर, हेडबाई, आजोबा आणि ऑडिटरांची बायको, आणि उरलेल्या पांढऱ्यांवर शेजारीपाजारी. सेक्रेटरींनी घंटा घेतली. खेळाच्या साहित्याचा नियमानुसार वापर होतोय याचा त्यांना मनस्वी आनंद झाला होता.

घंटा वाजली. आजोबा आणि हेडबाई एकाच फरशीवर येऊन धडकले. हेडबाई म्हणाल्या, मी आधी आले. आजोबा म्हणाले, दाखला दाखवा. पुन्हा सगळे जागेवर. ऑडिटरांनी मधोमध उभं राहून कुणी कुठे जायचं हे ठरवून दिलं. घंटा वाजली, आणि त्यांची बायको हेडबाईंच्या पायावर पडली. मग प्रत्येकानं सल्ला दिला, प्रत्येकाचा सल्ला अमलात आला, आणि दर वेळी कुठेतरी दोन माणसं एकमेकांना धरून उभी आणि कुठेतरी एक फरशी रिकामी. लोक हसून हसून बेजार झाले. बारकी खुर्चीवर उभी राहून हसत होती, आणि हे हसणं जिन्यातून ऐकू येत नव्हतं, समोर दिसत होतं.

पुन्हा घंटा झाली. ऑडिटरांनी मधून पुढच्या फरशीवर उडी मारली, त्याच क्षणी कोपऱ्यातून डॉक्टरही तिथेच आले. कमरेतली उसण जागी झाली, ऑडिटर कलंडले, आणि डॉक्टरांनी त्यांना दोन्ही हातांनी धरलं. ऑडिटरांना सोडवून घ्यायचं होतं, पण सोडलं तर पडायला होणार होतं.

"थांबा. कुणी हलू नका," बारकी म्हणाली. ती आता हसत नव्हती. ती फरशीकडे टक लावून बघत होती. मग तिनं विचारलं, उडीच्या आधी काळ्या फरशीवर कोण कोण होतं? पाच हात वर झाले. ऑडिटरांचा एक हात डॉक्टरांच्या खांद्यावर होता, त्यांनी दुसरा वर केला.

"काळ्यावरून उडी मारली की पांढऱ्यावरच यावं लागतं," बारकी म्हणाली. "तुम्ही पाच जण, आणि पांढऱ्या फरश्या चारच आहेत. बाबा, हे जमणारच नाही. कितीही वेळा घंटा वाजवा. कुणीतरी दोघांना एका फरशीवर राहावंच लागणार."

"म्हणजे पुस्तक चुकलंय," ऑडिटर आशेनं म्हणाले.

"नाही. जमत नाही, हेच उत्तर आहे."

जन्मभर ऑडिटरांनी न जुळणाऱ्या हिशेबांवर ताशेरे मारले होते, आणि न जुळणं हेच बरोबर असू शकतं हे त्यांना कुठल्याही साहेबानं सांगितलेलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, मला नसतं बुवा सुचलं. हे खरं होतं की चांगुलपणा होता, ते ऑडिटरांना कळेना, आणि खरं असावं अशी त्यांची फार इच्छा होती.

बारकी खुर्चीवरून उतरली आणि दोघांच्या पायांकडे वाकून बघितलं. "आणि तुम्ही दोघं नीट मावताय की," ती म्हणाली. डॉक्टरांनी पाय जरासा आत घेतला. ऑडिटरांनीही, डॉक्टरांपेक्षा किंचित कमी, पण घेतला.

मग तिनं हात पुढे केला आणि पेन मागितलं. ते हिरवं पेन ऑडिटरांनी आजवर बायकोलाही हात लावू दिलं नव्हतं. त्यांनी खिशातून काढून दिलं. बारकीनं त्या पानावर उत्तर लिहिलंच नाही. कोपऱ्यात एक वाकडीतिकडी टिक केली आणि पेन परत दिलं.

"पुढच्या रविवारी आपल्या टेबलावर दुसरं करू," ती म्हणाली. "पण तुम्हाला न येणारं शोधून ठेवा हं, बाबा."

ऑडिटरांनी पेन खिशात घालत मान डोलावली.

आता अडचण अशी, की खालच्या ग्रंथालयात तसं एकही शिल्लक नव्हतं. सोमवारी संध्याकाळी ऑफिसातून परतल्यावर ऑडिटर घरी न जाता पहिल्या मजल्यावर थांबले. दातांच्या दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत, गालाला रुमाल लावून ते निमूटपणे आपला नंबर यायची वाट बघत बसले. दुसऱ्या हातात डॉक्टरांच्या कपाटातलं, बारकीच्या वयाच्या मुलांसाठीचं एक पुस्तक होतं.